वाटेवरची हजेरी

हे लिहायला बसले तेव्हा मनात होतं, खेड्यातल्या शाळेपासून शिक्षक-प्रशिक्षण केंद्रापर्यंतचा माझा प्रवास असं काहीतरी छान लिहावं. सत्काराच्या भाषणात असतं तसं: कष्ट, जिद्द, आईवडिलांची पुण्याई. दोन पानं लिहिलीही. वाचून पाहिली तर त्यात सगळं होतं, खरं कारण तेवढं नव्हतं. खरं कारण असं की मला एका बाईचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवण गोड लागू नये असा. त्या हेव्यानंच मला वर्गातून उचललं आणि बीदरच्या प्रशिक्षण केंद्रात नेऊन बसवलं. ती दोन पानं फाडली आणि आता हे लिहिते आहे.

आमची शाळा कमलनगरहून जीपनं अर्ध्या तासावर. राज्य कर्नाटकचं, बोलणं मराठी, ऑफिसचा कागद कन्नड. गावाचं शेवटचं शेत संपलं की महाराष्ट्र लागायचा. आपण सीमेवर राहतो असं तिथं कुणाला वाटायचं नाही, मोबाइलला तेवढं वाटायचं. तो दिवसातून चार वेळा राज्य बदलायचा. माझे वडील औरादला कचेरीत नोकरीला. घरात रोजचा पेपर, पुस्तकं, शुद्ध बोलण्याचा आग्रह. डी.एड.ला मी पहिली आलेली. शाळेत रुजू झाले तेव्हा मला तिसरी दिली, आणि शेजारची पहिली तिच्याकडे होती.

ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. मेंढरं आजोबांच्या काळातच गेली होती, आता घरचे लोक दुसऱ्याच्या रानात तूर काढायला, सोयाबीन कापायला जायचे. त्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. डी.एड.ला जेमतेम पास. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती होती, तिथून ती चालत यायची. पोरं मला बाई म्हणायची, हेडसरांना सर म्हणायची आणि तिला अक्का. पोरांच्या आया अक्का म्हणायच्या. तिच्या दुप्पट वयाचे पाटीलसुद्धा अक्का म्हणायचे. महिनाभरात मीही म्हणायला लागले, आणि दर वेळी कारलं चावल्यासारखं व्हायचं.

आमच्या दोन वर्गांच्या मधे भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं. त्यातून तिची हजेरी ऐकू यायची. ती नाव घ्यायची, आणि पोर ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी शाळेला येताना वाटेत काय बघितलं ते सांगायचं.

“अक्का, फाट्यावर टमटम उलथलंय.”

“आमच्या काळीला वासरू झालंय, अक्का.”

“मास्तरच्या रानात मोर व्हता.”

चाळीस पोरांची हजेरी अर्धा अर्धा तास चालायची. मग त्यातलं एक वाक्य ती फळ्यावर लिहायची आणि पोरं ते वाचायची. पुस्तकातलं नाही, आपल्यातल्याच कुणाचं तरी वाक्य म्हटल्यावर पोरं तुटून पडायची. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत तिची पहिली वाचायला लागायची. माझ्या तिसरीत वर्षअखेरीलाही बोट ठेवून अडखळणारी पोरं असत, आणि ती तिच्या हाताखालून आलेली नसत, दुसऱ्या गावाहून दाखला घेऊन आलेली असत. हे मी चार वर्षं नीट पडताळून पाहिलं होतं. हेवा करणाऱ्याइतकं बारकाईनं कुणी बघत नाही.

हे कसं करता, असं मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर डब्यातला भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिनं सांगून टाकलं असतं. पण विचारणं म्हणजे मला येत नाही हे कबूल करणं. डी.एड.ला पहिली आलेल्या बाईनं जेमतेम पास झालेलीला विचारायचं? मी आपली पार्टिशनला कान लावायची, आणि वर हेडसरांकडे जाऊन म्हणायची, “सर, हजेरीतच अर्धा तास जातो त्यांचा. पोर्शन कधी व्हायचा?” हेडसर हसायचे. “होतंय की हो त्यांचं सगळं,” म्हणायचे. ते हसू मला झोंबायचं.

दुसऱ्या बाळंतपणाला ती रजेवर गेली आणि पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला. मला आनंद झाला. वाटलं, आता दाखवते. पहिल्याच दिवशी हजेरीचं पुस्तक उघडलं, पहिल्या मुलीचं नाव घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, “वाटेत काय बघितलंस गं?”

“हजर,” ती म्हणाली.

“हजर नाही म्हणायचं. वाटेत काय दिसलं ते सांग.”

तिनं खाली मान घातली. पुढच्यानंही घातली. तिसऱ्याला जरा जोर देऊन विचारलं तर तो रडायला लागला, आणि एक रडलं की पहिलीचा वर्ग कसा होतो हे पहिलीला शिकवलेल्या माणसाला सांगायला नको. आठ दिवस मी हे केलं. नवव्या दिवशी एक आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, तक्रार करायला आली असेल. तिनं वर्गात डोकावून नुसतं विचारलं, “अक्का कधी यायल्यात ओ?”

मी हेडसरांना सांगितलं की पोरं लाडावून ठेवलेली आहेत. आणि पुस्तकातून ‘हजर’ घेत राहिले.

त्याच वर्षी मी ठरवलं, इथून वर जायचं. वर म्हणजे नेमकं कुठं हे तेव्हा कळत नव्हतं. जिथं ती येणार नाही अशा जागी, एवढं कळत होतं. बी.एड. केलं, मग गुलबर्ग्याला फेऱ्या मारून एम.एड. केलं. हुमनाबादवरून जाणाऱ्या बसमध्ये मांडीवर पुस्तक उघडं ठेवून मी पाठ केलं, की मूल अनुभवातून शिकतं आणि शिक्षकानं त्याच्या अनुभवापासून सुरुवात करावी. हे वाचताना मला पार्टिशनपलीकडचा आवाज ऐकू यायचा आणि मी पान उलटायची.

एकच अडचण होती, कन्नड. वरच्या जागेला कन्नडची परीक्षा लागायची आणि माझं कन्नड बाजारातल्या भाजीपुरतं. तिचं मात्र लख्ख. मेंढरांमागं फिरलेल्या घराला मराठी, कन्नड, तेलुगू, मुसलमानी सगळ्या बोली आपोआप मिळतात, आणि ती कन्नड लिहायलाही शिकली होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला दोन वर्षं कन्नड शिकवलं. माझा प्रशिक्षण केंद्राचा अर्जसुद्धा तिनंच लिहून दिला, मी खाली सही केली. या उपकाराबद्दल मी तिला बीदरहून एक साडी आणली. ती नेसून ती शाळेत आली तेव्हा तिलाच जास्त शोभली, याचंही मला वाईट वाटलं.

आधी हायस्कूल, मग प्रशिक्षण केंद्र, अशी माझी बदली-बढती झाली. शाळा सोडताना शाल-नारळ झालं. पोरं रडत होती. मला भरून आलं, आणि मग लक्षात आलं की अक्का रडत होती म्हणून पोरं रडत होती.

केंद्रातली पहिली दोन वर्षं माझी तासाला फजिती झाली. समोर विशीतली मुलंमुली, उद्याचे शिक्षक. मी बालमानसशास्त्र सांगायची आणि मागच्या बाकावरची टेबलाखाली मोबाइल बघायची. कुणी प्रश्न विचारत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तशातली गत, आणि ते ब्रह्मज्ञानही कुणाला नको होतं. एका दुपारी, सगळे पेंगलेले असताना, कंटाळून मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “तुम्हाला एक हजेरी सांगते.” आणि ती हजेरी सांगितली. टमटम, वासरू, मोर, फळ्यावरचं वाक्य, दसऱ्यापर्यंत वाचणारी पोरं. वर्ग जागा झाला. मोबाइल खाली ठेवले गेले. एका मुलानं विचारलं, “मॅडम, हे तुम्ही करायचात?”

मी तेव्हा काय काय म्हणू शकले असते. शेजारच्या वर्गात चालायचं, म्हणू शकले असते. आमच्या शाळेत, असं मोघम म्हणू शकले असते. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच काहीतरी दिसत होतं.

“हो,” मी म्हणाले.

तिथून पुढे ती हजेरी माझी झाली. आयत्या बिळावर नागोबा बसतो ना, तशी मी बसले. विद्यार्थी तिला ‘मॅडमची हजेरी’ म्हणायला लागले. गुलबर्ग्याच्या विभागीय शिबिरात मी ती मांडली, तिला ‘वाटेवरची हजेरी’ असं नाव दिलं. एक छोटी पुस्तिका निघाली, तिच्यावर माझा फोटो होता. वडील होते तेव्हा, त्यांनी ती पुस्तिका औरादच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला दाखवली.

पण एक गोष्ट मला आत सलत होती. सराव पाठाला मुलं वेगवेगळ्या शाळांत गेली की परत येऊन सांगायची, “मॅडम, पोरं बोलंनात.” कुणी म्हणे ‘हजर’च म्हणतात, कुणी म्हणे रडतात. मला ते रडणं ओळखीचं होतं. मी त्यांच्या वहीत लाल पेनानं शेरा मारायची: आवाजात आपुलकी हवी. आणि मार्क कापायची. किती जणांचे मार्क कापले हे आठवलं की अजून लाज वाटते.

मग केंद्रात एक जागा निघाली. शाळेतल्या एखाद्या चांगल्या शिक्षकाला दोन वर्षं डेप्युटेशनवर आणायचं, त्यानं भावी शिक्षकांना प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवायचे. अर्ज आले. एक दिवस प्राचार्यांनी एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. “तुमच्या जुन्या शाळेतल्या आहेत ना या? तुम्ही ओळखता. शेरा लिहा.”

अक्षर बघूनच ओळखलं. माझा स्वतःचा अर्ज याच अक्षरात होता. कारणाच्या रकान्यात तिनं एकच ओळ लिहिली होती: लहानांना खूप वर्षं शिकवलं, एकदा मोठ्यांना शिकवून बघायची इच्छा आहे.

तो अर्ज मी दोन दिवस कपाटात ठेवला. ती इथं आली तर काय होईल ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. पहिल्याच पाठाला ती हजेरी घेईल आणि वर्गातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघेल. आणि समजा, कुणालाच काही कळलं नाही, तरी आठ दिवसांत सगळी मुलं तिच्याभोवती असतील, तिला अक्का म्हणतील, आणि मी परत पार्टिशनच्या अलीकडे. खरं सांगायचं तर पहिल्या भीतीपेक्षा दुसरी मोठी होती. चोरी उघडी पडण्याचं दुःख एकदाच होतं. हे रोज झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं: ‘प्राथमिक वर्गासाठी उत्तम. मात्र कन्नडमधील कार्यालयीन कामकाजाचा अनुभव नाही. सदर जागेसाठी शिफारस करता येत नाही.’

आमच्याकडे मराठी शिक्षकाला मारायचं असेल तर एवढं पुरतं. कन्नड येत नाही असं म्हटलं की पुढे कुणी तपासत नाही, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असतं. मी ते शेरा म्हणून लिहिलं, आणि लिहिलं कन्नडमध्ये. तिनंच शिकवलेल्या कन्नडमध्ये. जागा दुसऱ्या कुणाला गेली, त्याला काही ती मानवली नाही, आणि वर्षभरात रिकामी झाली.

त्यानंतरच्या वर्षी सराव पाठाच्या शाळांच्या यादीत माझी जुनी शाळा आली. तीन मुली तिथं गेल्या. आठवड्यानं सुट्टीला एक केंद्रावर आली ती आनंदानं फुललेली. “मॅडम, तुमची हजेरी तिथं चालते! एकदम चालते! पहिलीच्या अक्का घेतात.”

मी घाईनं विचारलं, “मग?”

“मी त्यांना म्हणाले, ही तर आमच्या मॅडमची पद्धत. तर त्या म्हणाल्या, व्हय, तुमच्या मॅडमचीच हाय.”

माझी सुटका झाली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मोठी गोष्ट ती अशी देऊन टाकते, जणू शेजारणीला विरजण द्यावं. मला ती पचवताना इतकी वर्षं गेली आणि हिला देताना काहीच वाटलं नाही? त्या आठवड्यात मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी पूर्वी कधीच जळले नव्हते. आणि पाठ बघायला मलाच जायचं होतं.

मी पहिल्या बसनं निघाले. कमलनगरहून जीप लवकर मिळाली आणि शाळा भरायच्या बऱ्याच आधी मी गावात पोहोचले. शाळेत असताना मी कधीही घंटेच्या आधी पोहोचले नव्हते, आमची जीप तेव्हाच यायची. पायरीवर बसले होते, तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं ती येताना दिसली. एकटी नव्हती. वस्तीतली वीस-पंचवीस पोरं तिच्या मागंपुढं होती. चालत नव्हती ती, रेंगाळत होती. एका झाडाखाली सगळे थांबले, कुणीतरी वर बोट दाखवलं, तिनंही वर पाहिलं. ओढ्याच्या काठी म्हशी होत्या तिथं परत थांबले. पोरं तिला ओढून ओढून दाखवत होती, आणि ती बघत होती. पावणेदहाच्या शाळेला ही बाई नऊला घरातून निघत असणार. रोज. इतकी वर्षं. आणि मी पार्टिशनला कान लावून बसले होते.

मला पाहून ती मनापासून हसली. “बाई! इतक्या बिगीन आलाव?” पोरांना आत पिटाळलं, चहा सांगितला. आम्ही व्हरांड्यात बसलो. माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, “अक्का, त्या मुलीला तुम्ही असं कामून सांगितलंत? हजेरी माझी आहे म्हणून?”

“मग काय सांगू?” ती म्हणाली. “तुमच्या मॅडमनं माझी उचलून नेली मनू? लेकीला तुमच्यापुढंच बसायचंय की रोज.”

म्हणजे तिला माहीत होतं. पुस्तिका तिच्यापर्यंत कधीच पोहोचली होती.

“राग नाही आला?”

“आला की. लई आला.” चहाचा कप तिनं खाली ठेवला. “पर मनलं, जाऊ द्या. बाईनं माझं नेलंय तर माझं एक काम तरी करतीलच. मनून तर मी अर्ज घातला. दुसऱ्या कुणाला बोललेबी न्हाई. तुमी तिथं बसलाव, मला काय काळजी? तेचं काय झालं ओ बाई, मला काय कळलंच न्हाई.”

“वरून नाकारला,” मी म्हणाले.

“कामून?”

“कन्नडचा अनुभव नाही म्हणून.”

ती हसली. खरंच हसली. “कन्नड? मला कन्नड येत न्हाई? हे कुण्या शाण्यानं लिवलं?”

मी खोटं बोलू शकले असते. तोंडात तयारही होतं: कुणी क्लार्क असेल. पण तिनं इतक्या मोकळेपणानं विचारलं होतं की माझी जीभ वळली नाही.

“मी लिहिलं,” मी म्हणाले.

 मग तिनं कप उचलला, उरलेला चहा अंगणात ओतला. घंटा झाली. प्रार्थना झाली. वर्गात माझ्या तिघी विद्यार्थिनी मागच्या बाजूला वह्या उघडून बसल्या होत्या. अक्कानं टेबलावरचं हजेरीचं पुस्तक उचललं आणि माझ्या हातात दिलं.

“आज हजेरी तुमी घ्या बाई,” ती म्हणाली. “तुमचीच हाय की.”

आणि ती जाऊन मागं, त्या तिघींच्या शेजारी बसली.

मी पहिलं नाव घेतलं. वाटेत काय बघितलंस, विचारलं. “हजर, बाई.” दुसरं नाव. “हजर, बाई.” मी हसून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं, गुडघ्यावर बसून पाहिलं. पोरं मान वळवून मागं अक्काकडे बघायची आणि ‘हजर’ म्हणायची. अक्का मदतीला उठली नाही. तिचा चेहरा एवढा कठोर मी कधी पाहिला नव्हता. पस्तीस वेळा ‘हजर’ ऐकून मी पुस्तक मिटलं.  मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मला येत नाही. अक्का, तुम्ही घ्या.”

ती उठली. पुस्तक घेतलंच नाही. फळ्यापुढे उभी राहून गंभीरपणे म्हणाली, “आज वड्याला दोन म्हशी व्हत्या.”

“तीन!” अख्खा वर्ग ओरडला. “तीन व्हत्या, अक्का!”

“काय सांगायलाव? मी सोता बघितले, दोनच व्हत्या.”

“न्हाई, एक झाडामागं व्हती!” आणि मग जो तो उठून सांगायला लागला, कुणाची म्हैस, कुठं उभी होती, शेपूट कुणाला लागलं. ती आधी स्वतः चुकत होती. तिनंही तेच बघितलेलं आहे हे पोरांना माहीत होतं, म्हणून तिला दुरुस्त करायला ती धडपडत होती. ही सुरुवात मला पार्टिशनमधून कधीच ऐकू आली नव्हती, कारण एरवी ती वाटेवरच, घंटेआधी व्हायची आणि मी तेव्हा जीपमध्ये असायची. मी अर्धीच गोष्ट चोरली होती, आणि ती अर्धी अख्ख्या जिल्ह्याला शिकवली होती.

परतताना बसमध्ये मी तिघींच्या निरीक्षण वह्या तपासायला घेतल्या. तिघींनी जवळपास सारखंच लिहिलं होतं: ‘मॅडमनी प्रथम चुकीची पद्धत मुद्दाम करून दाखवली व नंतर अक्कांकडून योग्य पद्धत करून घेतली. फरक स्पष्ट झाला.’ मी त्यांना म्हणाले, मुद्दाम नव्हतं, मला खरंच येत नव्हतं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण ना!”

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना खरं काय ते सांगितलं आणि माझा शेरा चुकीचा होता असं लिहून दिलं. ते माझ्यावर रागावले, पण जागा रिकामीच होती. मी कोरा अर्ज घेऊन स्वतः गावी गेले. ओढ्यापलीकडे तिच्या घरी. तिनं पाणी दिलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, घरची चौकशी केली. अर्ज मी पुढे केला तेव्हा तिनं तो वाचला, घडी घालून माझ्या पिशवीत परत ठेवला.

“एकदा मागितलं बाई,” ती म्हणाली. “दोनदा मागायचं आमच्या घरात न्हाई.”

मी हात जोडले, अजिजी केली. तिनं विषय बदलला. मला माफ करा असं तिला म्हणायचा धीर मला झाला नाही, आणि तिनं तशी अपेक्षा दाखवलीही नाही.

आता दर वर्षी नवीन मुलं आली की पहिल्या तासाला मी सांगते, वाटेवरची हजेरी माझी नाही. ती कुणाची, कुठल्या शाळेतली, ती रोज किती चालते, आधी स्वतः कशी चुकते, सगळं सांगते. मुलं ते मान डोलावून ऐकतात आणि भराभर वहीत उतरवून घेतात. तास संपल्यावर एखादी जवळ येऊन म्हणते, मॅडम, तुमचं मन किती मोठं आहे. मी नाही म्हटलं की तो त्यांना आणखी मोठेपणा वाटतो. खोटं बोलून जे मिळवलं ते खरं बोलूनही सुटत नाही. आणि हेवा म्हणाल तर तो आहेच. ती सकाळी नऊला निघत असेल, पोरं तिला बोट धरून म्हशी दाखवत असतील, हे मनात आलं की मी अजून जळते.

यंदा मात्र औरादकडची एक मुलगी होती. सगळे लिहून घेत असताना ती पेन खाली ठेवून ऐकत होती. माझं बोलणं संपलं तशी ती उठली.

“मॅडम, मग त्या इथं कामून न्हाईत?”

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. पेनं तयार होती.

“माझ्यामुळे,” मी म्हणाले. “त्यांनी अर्ज केला होता. त्या आल्या तर तुम्ही त्यांचे व्हाल, माझे राहणार नाही, म्हणून मी खोटा शेरा लिहून तो पाडला.”

ते कुणीही वहीत लिहून घेतलं नाही.